नीरक्षीरविवेकाचा पंचनामा

मराठी समीक्षेत ‘नीरक्षीरविवेक’ हा शब्द इतका सरावाचा झाला आहे, की तो मुळात दुधातल्या पाण्याविषयीचा शब्द आहे हे आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. एखाद्या ग्रंथाच्या परीक्षणात ‘लेखकाने साधनांचा उपयोग नीरक्षीरविवेकाने केला आहे’ असे वाक्य आले, की वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो. संस्कृत कवींनी हे काम हंसावर सोपवले. त्याच्यापुढे पाणी मिसळलेले दूध ठेवावे, त्याने दूध तेवढे प्यावे आणि पाणी मागे ठेवावे, असा हा कविसंकेत. त्यात तपासणाऱ्याच्या अधिकाराविषयी प्रश्नच उद्भवत नाही. हंसाला उपकरण लागत नाही, साक्षीदार लागत नाही, त्याच्या निर्णयावर अपील नसते. दूध कोणी विकले आणि कोण पिणार होते, याच्याशीही त्याला कर्तव्य नसते.

शहराला असा हंस मिळत नाही. तेथे दूध विकत घ्यावे लागते, विकणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि विश्वास डळमळला की कायदा करून निरीक्षक नेमावा लागतो. मुंबईच्या दुधाच्या तपासणीचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की दुधातले पाणी ओळखणे हा या कामाचा त्यातल्या त्यात सोपा भाग होता. त्या पाण्याने नेमके कोणाचे काय बिघडते, आणि ते ठरवणारे माप कोणाच्या हातात असावे, हे त्याहून अवघड प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर द्यायला कायद्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. दुसरा प्रश्न अजून उभाच आहे.

हंसाच्या संकेताशेजारी बाजार ठाऊक असलेला एक विचार ‘अर्थशास्त्रा’त सापडतो. गोधनाची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना कौटिल्य म्हणतो, की गाईच्या एक द्रोण दुधातून एक प्रस्थ तूप निघते आणि म्हशीच्या दुधातून त्याहून एक पंचमांश अधिक. म्हणजे प्रमाण ठरवून दिले. पण लगेच तो पुस्ती जोडतो, की खरे प्रमाण घुसळूनच पाहावे. कारण जमीन, चारा आणि पाणी यांच्या फरकाने दूध आणि तूप कमीअधिक होत असते. एका वाक्यात मानक आणि दुसऱ्या वाक्यात त्या मानकाची मर्यादा, अशी ही मांडणी आहे. पुढच्या काळातल्या कायद्यांनी पहिले वाक्य उचलले. दुसऱ्यापाशी यायला त्यांना बराच वेळ लागला.

मुंबईचे कायदे इंग्लंडच्या नमुन्यावर बेतलेले असल्यामुळे आधी तिकडे जावे लागते. लंडनमध्ये १८५१ ते १८५४ या काळात आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी बाजारातल्या खाद्यपदार्थांची तपासणी केली आणि विक्रेत्यांची नावे व पत्ते यांसह निष्कर्ष छापले. दुधात खडू आणि कसकसले भयंकर पदार्थ मिसळतात अशा वदंता त्या वेळी होत्या. हॅसलला दुधात आढळले ते मुख्यतः पाणी. या आणि अशा प्रयत्नांतून १८७५ चा खाद्य व औषध विक्री कायदा आला. गिऱ्हाइकाने जो माल मागितला त्याच जातीचा, द्रव्याचा आणि गुणाचा माल त्याला मिळाला पाहिजे, हे त्याचे सूत्र होते. ते मूलतः कराराचे सूत्र आहे. दूध मागितले आणि पाणी घातलेले दूध दिले, तर फसवणूक झाली. त्या दुधाने कोणी आजारी पडले की नाही, हा प्रश्न त्यात येत नाही.

वास्तविक तो प्रश्न तोवर समोर आलेला होता. १८७० साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात विषमज्वराची साथ आली, तेव्हा तेथील आरोग्य अधिकारी एडवर्ड बॅलर्ड यांनी तिचा माग एका दूधविक्रेत्याच्या गोठ्यापर्यंत काढला. दोष होता तो तेथील दूषित पाण्यात. पाणी किती घातले यापेक्षा ते कोठले होते हे महत्त्वाचे ठरू शकते, असे या शोधातून दिसत होते. एक चमचाभर पाणीही, भांडे विसळताना राहिलेले का असेना, एखाद्या घरातला मुलगा अंथरुणाला खिळवू शकत होते. पण निरीक्षकाच्या हाती असलेल्या साधनाला हे पाणी दिसत नव्हते.

ते साधन म्हणजे लॅक्टोमीटर. काचेची ही नळी दुधात तरंगते आणि दुधाची घनता दाखवते. दूध पाण्याहून जड असते. पाणी मिसळले की घनता उतरते आणि नळी खोल जाते. तत्त्व सोपे, साधन स्वस्त, आकडा लगेच समोर. परंतु साय पाण्याहूनही हलकी असते. ती काढून घेतली की उरलेले दूध अधिक जड होते, आणि मग त्यात बेताने पाणी घातले की घनता पुन्हा मूळ ठिकाणी येते. म्हणजे ज्याने एकच लबाडी केली तो सापडतो आणि ज्याने दोन केल्या तो सुटतो. पुढे साखर, मीठ, पिठूळ पदार्थ दुधात येऊ लागले, ते बहुतांशी या नळीची समजूत घालण्यासाठी. भेसळीचा इतिहास बारकाईने वाचला तर तपासणीची प्रत्येक पद्धत आपल्याला सोयीची भेसळ जन्माला घालते, असे लक्षात येते.

यावर उपाय म्हणून दुधातला स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन पदार्थ वेगवेगळे मोजण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमध्ये १९०१ साली दूध विक्रीचे नियम झाले आणि त्यांत स्निग्धांश ३ टक्के व इतर घन पदार्थ ८.५ टक्के अशा रेषा आखल्या गेल्या. या नियमांची भाषा लक्षात ठेवण्याजोगी आहे. दूध या रेषेखाली आले तर ते अस्सल नाही असे गृहीत धरायचे, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. माझ्या गाईनेच असे दूध दिले, हे सिद्ध करण्याची वाट विक्रेत्याला मोकळी होती. कौटिल्याचे दुसरे वाक्य येथे थोडेसे जिवंत होते.

आता मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर वाढले ते गिरण्यांच्या धुराबरोबर तबेल्यांच्या वासानेही. दूध टिकत नाही आणि बर्फावर ठेवून लांबून आणण्याची सोय नाही, तेव्हा म्हैसच वस्तीत आणून बांधणे भाग होते. चाळीच्या मागे तबेला, तबेल्यातून किटली किंवा चरवी घेऊन निघालेला दूधवाला, आणि दारोदारचा रतीब, अशी ही व्यवस्था. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने विक्रीस ठेवलेले अन्न तपासण्याचा आणि माणसाच्या आहारास अयोग्य ठरलेले जप्त करण्याचा अधिकार पालिकेला दिला. १९२५ मध्ये मुंबई इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा आला. परवाना, तपासणी, नमुना, दंड ही यंत्रणा अशी पायरीपायरीने उभी राहिली.

या यंत्रणेचे लक्ष इकडेही पाण्यावरच राहिले, आणि त्याला एक घरगुती कारण असावे असे मला वाटते. आपल्याकडे दूध दारात आले की ते आधी चुलीवर चढते. धारोष्ण दुधाचे कौतुक पुष्कळ असले, तरी शहरातल्या गृहिणीने निरसे दूध मुलाच्या हाती दिले नाही. आरोग्य अधिकाऱ्याच्या कामाचा शेवटचा आणि बहुधा सर्वांत परिणामकारक टप्पा अशा रीतीने स्वयंपाकघराने, विनावेतन, पार पाडला. तापवलेल्या दुधावर साय किती धरली, यावरून रतीबवाल्याशी रोज सकाळी जो वाद होई, तीच शहराची खरी दैनंदिन तपासणी होती. जंतूंचा प्रश्न चुलीने सोडवल्यासारखा केला होता. उरला तो सायीचा, म्हणजे पैशाचा प्रश्न, आणि तो तेवढा कायद्याकडे गेला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची लोकसंख्या फुगली आणि ही व्यवस्था कोलमडू लागली. व्हर्गीस कुरियन यांनी आपल्या आत्मकथनात एक हकिकत सांगितली आहे. मुंबईच्या दुधाचा नमुना तपासणीसाठी लंडनला पाठवला गेला आणि तो तेथील गटाराच्या पाण्याहूनही दूषित असल्याचा निर्वाळा आला. दुधाचा नमुना एवढा प्रवास करून कोणत्या अवस्थेत पोचला असेल, अशी शंका इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यायलाच हवी. तरीही हकिकतीचे महत्त्व कमी होत नाही. तिच्यात तुलना गटाराशी आहे. पाणी किती, हा प्रश्न मागे पडून घाण किती, हा प्रश्न राज्यकर्त्यांच्या बोलण्यात आलेला तिच्यात दिसतो.

त्यातून १९४५ साली ‘बॉम्बे मिल्क स्कीम’ सुरू झाली. चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या आणंद येथून निर्जंतुक केलेले दूध मुंबईला आणायचे ठरले. या पुरवठ्याचा मक्ता ‘पोल्सन’ या खाजगी कंपनीला मिळाला, आणि त्या मक्त्याविरुद्धच्या असंतोषातून १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा सहकारी दूधसंघ उभा राहिला, तो पुढे ‘अमूल’ म्हणून जगाला ठाऊक झाला. म्हणजे भारतातल्या सहकारी दूधचळवळीच्या मुळाशी मुंबईला चांगले दूध मिळावे ही एका शहराची गरज आहे, हे सहसा सांगितले जात नाही. इकडे मुंबईत दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी वेगळी वाट धरली. हजारो दूधवाल्यांच्या मागे निरीक्षक धावडवण्यापेक्षा म्हशीच शहराबाहेर न्याव्यात आणि सगळे दूध एका छपराखालून जाईल असे करावे. गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. म्हशी खाजगी मालकांच्या, गोठे आणि प्रक्रिया सरकारची. काचेच्या बाटलीत, वरून ॲल्युमिनियमचे पातळ झाकण लावलेले दूध केंद्रावर मिळू लागले.

याच खुरोडींच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत उद्बोधक आहे. ती म्हणजे टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ७ टक्के असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणायचा आणि इतर घन पदार्थ ८.५ टक्क्यांवर टिकवायचे. साधा हिशेब केला तर १०० लिटर दुधाचे सव्वादोनशेहून अधिक लिटर दूध होते आणि भुकटी लागते ११ किलोच्या आसपास. स्वस्त दूध अधिक मुलांपर्यंत पोचवण्याचा हा मार्ग १९४६ च्या सुमारास मुंबईत निघाला आणि मग देशभर गेला.

आता तबेल्याच्या दारात नळाखाली किटली धरणारा दूधवाला आणि दुग्धशाळेच्या टाकीत पाणी सोडणारा सरकारी तंत्रज्ञ यांना शेजारी उभे करून पाहावे. दोघेही दुधात पाणी घालतात. एकाचे पाणी अस्वच्छ आहे आणि दुसऱ्याचे स्वच्छ, एक घन पदार्थ घटू देतो आणि दुसरा ते भरून काढतो, हे फरक खरे आहेत. पण निर्णायक फरक वेगळा आहे. दुसऱ्याने झाकणावर नाव लिहिले. हंसाच्या दृष्टीने दोन्ही भांड्यांत नीर आहेच. कायद्याच्या दृष्टीने एका भांड्यात अपराध आहे आणि दुसऱ्यात कल्याणकारी योजना. भेसळ ही पदार्थात नसते, पदार्थ आणि त्याला दिलेले नाव यांच्यातल्या अंतरात असते, हे टोन्ड दुधाइतके स्पष्ट क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असेल. शब्द आणि अर्थ यांच्या संबंधावर वर्गात बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उदाहरण हाताशी ठेवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली सबंध देशासाठी अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. १८७५ चे सूत्र, गिऱ्हाइकाने मागितलेल्या जातीचा, द्रव्याचा वा गुणाचा माल नसणे, त्यात भेसळीची पहिली व्याख्या म्हणून जसेच्या तसे आले. १९५५ च्या नियमांनी आकडे दिले. पुढे महाराष्ट्रासाठी म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ आणि इतर घन पदार्थ ९ टक्के, गाईच्या दुधात ३.५ आणि ८.५, टोन्ड दुधात ३ आणि ८.५ अशी ती रचना होती. मात्र १९०१ च्या इंग्रजी नियमातले ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द येथे राहिले नाहीत. आकड्याखाली आलेले दूध भेसळीचे. गाय कोणती आणि तिने काय खाल्ले, ही सबब नाही.

नमुना घेण्याची रीत या कायद्याने फार तपशिलाने घालून दिली. अन्न निरीक्षकाने साक्षीदारासमोर दूध विकत घ्यायचे, त्याची किंमत द्यायची, त्याचे तीन भाग करून बाटल्यांत भरायचे आणि लाखेची मोहोर लावायची. दूध नासू नये म्हणून दर २५ मिलिलिटरला दोन थेंब फॉर्मॅलिन घालायचे. मूळ कायद्यात एक बाटली विक्रेत्याला, एक सरकारी विश्लेषकाला आणि एक निरीक्षकाकडे राहत असे. निकाल मान्य नसेल तर आरोपीला केंद्रीय प्रयोगशाळेकडे दाद मागता येई. या पंचनाम्यात विक्रेत्याला संरक्षण देण्याचा प्रामाणिक प्रयत्न आहे. पण दूध हा पुरावा नासणारा आहे. १९६७ साली दिल्लीतल्या दह्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा टिकू दिली नाही, कारण खटला भरायलाच इतका उशीर झाला होता, की आरोपीची बाटली तपासण्याच्या लायकीची राहिली नव्हती. फिर्यादीच्या दिरंगाईने त्याचा हक्क हिरावला गेला, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

यात आणखी एक कलम होते. वरच्या व्यापाऱ्याकडून लेखी हमी घेऊन माल विकत घेतला असेल आणि तो तसाच विकला असेल, तर विक्रेता सुटू शकत असे. दुकानदाराला ही वाट उपयोगाची होती. दहा गोठ्यांतले दूध एका कॅनमध्ये ओतून सायकलवरून निघालेल्या माणसाला लेखी हमी कोण देणार? निरीक्षकाला भेटतो तो नेहमी साखळीतला शेवटचा माणूस, कारण नमुना विक्रीच्या क्षणीच घ्यायचा असतो. १९६४ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा सहा महिने कैद आणि १,००० रुपये दंड अशी ठरवली. कमी करायची तर न्यायाधीशाने खास कारणे नोंदवायची. सहा महिने तुरुंगात गेलेला दूधवाला परत येतो तेव्हा त्याचा रतीब दुसऱ्याने धरलेला असतो. १९७६ च्या दुरुस्तीत मात्र एक सवलत आली. शेतीतून नैसर्गिक स्वरूपात मिळणाऱ्या प्राथमिक अन्नाचा दर्जा माणसाच्या हाताबाहेरच्या नैसर्गिक कारणांनी उतरला असेल, तर ती भेसळ मानू नये. जमीन, चारा आणि पाणी यांचे कौटिल्याने दिलेले कारण असे आडवळणाने कायद्यात शिरले. दूध या व्याख्येत बसते की नाही, यावर वकिलांना बोलायला अर्थातच जागा उरली.

हा सगळा कायदा ५ ऑगस्ट २०११ रोजी बाजूला झाला आणि २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा अमलात आला. त्याने एक महत्त्वाची विभागणी केली. मानकापेक्षा कमी दर्जाचे अन्न वेगळे आणि असुरक्षित अन्न वेगळे. पहिल्यासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्यासाठी कैद. सायीचा प्रश्न आणि साथीचा प्रश्न निराळे आहेत, हे अखेर कायद्याच्या रचनेत उमटले. ही विभागणी का आवश्यक होती, ते दोन राष्ट्रीय पाहण्या शेजारी ठेवल्या की कळते. २०११ च्या पाहणीत १,७९१ नमुन्यांपैकी सुमारे ६८ टक्के मानकाला उतरले नाहीत, आणि ‘देशातले दोन तृतीयांश दूध भेसळीचे’ असा गाजावाजा झाला. त्यात मोठा वाटा पाण्याचा आणि भुकटीचा होता. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत ६,४३२ नमुने होते. सुमारे ४१ टक्के दर्जात कोठेतरी कमी पडले, पण ९३ टक्के पिण्यास सुरक्षित ठरले. मुद्दाम घातक पदार्थ मिसळलेले नमुने होते अवघे १२. मात्र ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेबाहेर आढळले. ते कोणी मिसळत नाही. बुरशी आलेला चारा आणि पेंड जनावराने खाल्ली की ते दुधात उतरते. कॅनजवळ उभ्या असलेल्या निरीक्षकाला ते दिसणे शक्य नाही. त्यासाठी गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यापर्यंत मागे जावे लागते.

तपासणी खरोखरच आता मागे, गोठ्याच्या दिशेने सरकली आहे. पण ती वेगळ्या हेतूने. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी उभे राहावे. तेथे ‘फॅट’ आणि ‘एसएनएफ’ हे शब्द अक्षरओळख नसलेल्या म्हातारीच्याही तोंडी असतात. गेली कित्येक वर्षे गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ या जोडीवर बोलला गेला. आंदोलने झाली, शासनाचे आदेश निघाले, ते याच आकड्यांच्या भाषेत. विलायतेत १९०१ साली लबाडी पकडण्यासाठी आखलेली ८.५ ची रेषा संगमनेरच्या किंवा शिरोळच्या शेतकऱ्याच्या पोटापाण्याची रेषा होऊन बसली. दूध एका दशांशाने उतरले की दर उतरतो. यात गैर काही नाही, माप चोख असेल तर. पण ते यंत्र दूध विकत घेणाऱ्याचे असते, आणि ते नीट आहे की नाही हे पाहायला रोज कोणी येत नाही. मिल्कोमीटर आणि वजनकाटे यांची नियमित शासकीय तपासणी व्हावी, ही शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच पुन्हा पुन्हा पुढे येते. १९५५ च्या फेरीवाल्याला निदान लाखेची मोहोर लावलेली तिसरी बाटली होती, वर दाद मागण्याची सोय होती. केंद्रावर ओतलेले दूध लगेच मोठ्या टाकीत जाते, आणि त्या पडद्यावर उमटलेल्या आकड्याला साक्षीदार उरतो तो फक्त हाती आलेल्या कागदाच्या चिटोऱ्याचा.